'बियाँड द पेल' : एका कुंपणाची हकीकत

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमचे मामा वडगावला राहतात. घराच्या मागच्या पडवीत त्यांचे चार यंत्रमाग आहेत. सूत महागले, मालाला उठाव राहिला नाही, आणि मागांसाठी काढलेल्या कर्जाचे तीन हप्ते एकामागून एक थकले. कर्ज देणाऱ्या संस्थेचे इंग्रजी पत्र आले. थकलेली रक्कम अधिक काही 'इतर आकार' पंधरा दिवसांत भरावेत, असा मजकूर होता. मामांनी ते पत्र माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, "तू बी.कॉम.ला हाईस न्हवं? मग लिही की रे एक उत्तर. जरा चांगल्या इंग्रजीत लिही. आमच्या घरात बी कोण शिकलेलं हाय ते कळूदे त्यांना."

एस.एस.एल.सी.पर्यंत माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले. अशा विद्यार्थ्याच्या मनात इंग्रजीची धास्ती आणि इंग्रजीची हौस या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदत असतात, हे माझ्यासारख्या पुष्कळ वाचकांना सांगायला नको. माझ्यापाशी एक वही आहे. इंग्रजी वर्तमानपत्रात भेटलेला नवा वाक्प्रचार मी तीत उतरवतो आणि पुढे मराठी अर्थ लिहितो. त्या वहीत एका पानावर 'बियाँड द पेल' असे लिहिलेले होते, आणि पुढे माझ्याच अक्षरात 'मर्यादेबाहेर'. बस्स, एवढेच. त्या एका शब्दाच्या भरवशावर मी पत्रात वाक्य ठोकून दिले : 'युवर डिमांड इज बियाँड द पेल.' मला म्हणायचे होते की, ही मागणी आमच्या आवाक्याबाहेरची आहे. वाक्य मलाच इतके आवडले की, मी ते मामांना दोनदा वाचून दाखवले.

आठवड्याभरात मामांना बोलावणे आले. तिथल्या अधिकाऱ्यांनी पत्र त्यांच्यासमोर ठेवले आणि विचारले, "आम्ही तुमच्याशी असं काय असभ्यपणानं वागलो?" मामांना उत्तर देता येईना, कारण पत्रात काय आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. मुदतवाढीचा विषय निघालाच नाही. घरी आल्यावर मामा रागावले नाहीत. पत्राची प्रत माझ्या हातात देऊन एवढेच म्हणाले, "त्या वळीखाली लाल रेघ मारलीया बघ. काय लिवलंस त्यात?"

प्रस्तुत लेख त्या लाल रेघेविषयी आहे.

दुसऱ्या दिवशी ती प्रत घेऊन मी आमच्या इंग्रजीच्या सरांकडे गेलो. सर धारवाडकडचे, घरी कन्नड बोलणारे. मराठी सावकाश पण स्वच्छ बोलतात. त्यांनी वाक्य वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "तू त्यांना लिहिलं आहेस की तुमची मागणी सभ्य माणसाला शोभत नाही. तुला हेच लिहायचं होतं काय?" मी नाही म्हटले. "मग पेल म्हणजे काय ते आधी बघून ये," म्हणाले, आणि ग्रंथालयातल्या जाड कोशाकडे बोट दाखवले.

मित्रहो, 'पेल' म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो 'फिकट' हा अर्थ. भीतीने चेहरा 'पेल' पडला, असे आपण शाळेपासून वाचत आलो. पण हा तो शब्द नव्हे. दोघांचे स्पेलिंग एक, उच्चार एक, मात्र कुळे वेगळी. फिकट या अर्थाचा शब्द लॅटिनमधल्या 'पॅलिडस'पासून आला. आपला 'पेल' आला 'पॅलस' या दुसऱ्या लॅटिन शब्दापासून, आणि त्याचा अर्थ आहे जमिनीत रोवलेला खुंट, मेख, मेढ. खांब या अर्थाचा इंग्रजी 'पोल' त्याच घराण्यातला. सुळावर किंवा खुंटावर भोसकणे म्हणजे 'इम्पेल', आणि मेढींची ओळ रोवून केलेला तट म्हणजे 'पॅलिसेड'. मराठ्यांच्या इतिहासात आपण 'मेढेकोट' हा शब्द वाचतो, तो अगदी हाच पदार्थ. तेव्हा पेल म्हणजे आधी एक मेढ, मग मेढींचे कुंपण, मग कुंपणाच्या आतला मुलूख, आणि शेवटी कोणतीही हद्द. एका खुंटापासून शब्द इतका लांब आला.

याच जोडीला तिसरा एक 'पेल' आहे. त्याचे स्पेलिंग पी-ए-आय-एल, अर्थ बादली. घाईत लिहिणारे 'बियाँड द पेल' लिहिताना ते स्पेलिंग करतात आणि वाक्याचा अर्थ 'बादलीच्या पलीकडे' असा होऊन बसतो. आपला शब्द पी-ए-एल-ई असा लिहायचा, हे एकदा पक्के करून ठेवावे.

आता इतिहास. इंग्रजांच्या राज्याला एकापेक्षा अधिक 'पेल' होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कॅले शहर त्यांनी १३४७ मध्ये घेतले आणि १५५८ मध्ये गमावले. त्या शहराभोवतीच्या मुलखाला 'पेल ऑफ कॅले' म्हणत. पण अधिक नाव झाले ते आयर्लंडमधल्या पेलचे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाने आयर्लंडवर आपली सत्ता सांगितली खरी, पण पंधराव्या शतकापर्यंत ती आकसत आकसत डब्लिनच्या आसपासच उरली. डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या परगण्यांचे काही भाग, एवढ्यातच राजाचा हुकूम खऱ्या अर्थाने चाले. पलीकडे आयरिश सरदारांचे राज्य, त्यांची गेलिक भाषा आणि त्यांचा 'ब्रेहन' कायदा. १४९४-९५ मध्ये सर एडवर्ड पॉयनिंग्ज यांच्या कारकिर्दीत द्रोएडा येथे भरलेल्या पार्लमेंटने या मुलखाच्या कडेने चर खणून बांध घालण्याचा हुकूम काढला. सलग तट असा काही उभा राहिला नाही. कुठे चर, कुठे बांध, कुठे नुसतीच कल्पना. गुरे पळवून नेणाऱ्यांना अडथळा व्हावा, एवढा त्याचा व्यवहारातला उपयोग.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण आपण दोन भाषांच्या गावात राहणारी माणसे. या कुंपणाच्याही आधी, १३६६ मध्ये, किल्केनी येथे काही कायदे केले गेले. आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजांनी आयरिश भाषा बोलू नये, आयरिश लोकांशी सोयरीक करू नये, इंग्रजी भाषा आणि इंग्रजी नावेच वापरावीत, असा त्यांचा आशय. शेजाऱ्याची भाषा जिभेवर बसणारच. ती कायद्याने कशी थांबावी? कायदे केले त्याअर्थी ती सर्रास बोलली जात होती, हे उघडच आहे. आणि गंमत अशी की, इंग्रजीचा आग्रह धरणारे ते कायदे स्वतः लिहिले होते फ्रेंच भाषेत!

तर मग 'बियाँड द पेल' हा वाक्प्रचार डब्लिनच्या त्या कुंपणावरून आला, असे म्हणून मोकळे व्हावे काय? पुष्कळ पुस्तकांत तसे ठामपणे लिहिलेले असते. मीही वहीत तसेच लिहायला निघालो होतो. सरांनी हात धरला. शब्दांचा इतिहास लिहिणारे कोशकार याबाबतीत सावध आहेत. कारण असे की, वर्तनाची मर्यादा ओलांडणे या अर्थाने हा प्रयोग छापील इंग्रजीत दिसू लागतो तो सतराव्या-अठराव्या शतकात. आयर्लंडचा तो पेल तोवर नाहीसा झालेला. शिवाय 'पेल' हा शब्द कोणत्याही मर्यादेसाठी आधीपासूनच वापरात होता. 'विदिन द पेल ऑफ द चर्च', म्हणजे धर्मसंस्थेच्या कक्षेत, असेही लिहीत. तेव्हा डब्लिनशी या प्रयोगाचा संबंध जोडला जातो, इतके म्हणावे. जन्मदाखला देऊ नये. परीक्षेत टीप लिहिताना हा फरक पाळला तर दोन गुण अधिक पडतील, असे मला वाटते. पडले नाहीत तरी लिहिलेले खरे ठरेल.

तिसरा पेल रशियातला. १७९१ मध्ये महाराणी दुसऱ्या कॅथरिनच्या आज्ञेपासून रशियन साम्राज्यातील ज्यूंना पश्चिमेकडच्या ठराविक प्रांतांतच राहण्याचे बंधन आले. पुढे सव्वाशे वर्षे ते कमी-अधिक कडकपणे चालू राहिले आणि १९१७ मध्ये क्रांतीनंतर संपले. रशियन भाषेत त्याला 'रेषा' अशा अर्थाचा शब्द आहे. इंग्रजीत त्याचे 'पेल ऑफ सेटलमेंट' झाले. आयर्लंडच्या पेलमध्ये आतला माणूस सत्ताधारी होता आणि बाहेरचा परका. इथे उलट झाले : जो आत, तोच कोंडलेला. कुंपण कोणी घातले हे कळल्याशिवाय आत-बाहेरचा अर्थ लागत नाही. वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी एक तपशील देतो. या बंधनातून ज्यांना पुढे सूट मिळाली त्यांत पहिल्या श्रेणीच्या गिल्डमधले मोठे व्यापारी होते. पैशाला कुंपणात फट सापडते, ती अशी.

रडयार्ड किप्लिंगच्या १८८८ सालच्या 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' या कथासंग्रहात 'बियाँड द पेल' याच नावाची एक कथा आहे. इंग्रज पुरुष आणि हिंदू विधवा यांच्या प्रेमाची ती गोष्ट. आपापल्या समाजाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकणे, हा त्या नावाचा अर्थ. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण वाक्प्रचाराचा गाभा त्यात सापडतो. हे कुंपण शक्तीचे नाही, पैशाचे नाही, ज्ञानाचेही नाही. ते समाजाने घातलेले कुंपण आहे. चारचौघांनी मिळून ठरवलेले असते की, आपल्यात इथवर चालते, यापुढे चालत नाही. जो पुढे गेला तो आपल्यातला नव्हे. म्हणून 'बियाँड द पेल' या शब्दांत निषेध असतो, आणि तो सौम्यही नसतो. एखाद्याचे वागणे 'अयोग्य' म्हटले तर त्याला सुधारायला जागा राहते. 'बियाँड द पेल' म्हटले की त्याला पंक्तीतून उठवल्यासारखे होते. मी कर्ज देणाऱ्या संस्थेला नेमके तेच केले होते, आणि तेही मुदत मागताना!

मराठीत याला काय म्हणावे? 'मर्यादेबाहेर' हा माझ्या वहीतला अर्थ चुकीचा नव्हे, पण तो गोणपाटासारखा आहे; त्यात काहीही भरता येते. 'हद्द झाली' हे पुष्कळ जवळचे, कारण त्यात बोलणाऱ्याचा संताप आहे. पण ते तोंडी बोलण्यातले, लेखी निषेधात बसत नाही. 'ताळ सोडणे' हेही जवळचे. शब्दशः पाहिले तर 'हद्दपार' हा हुबेहूब जुळतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण हद्दपार करणे ही सरकारी शिक्षा आहे. 'वाळीत टाकण्याजोगे' यात समाजाचा न्यायनिवाडा येतो, मात्र वाळीत टाकणे ही प्रथाच मुळात अन्यायाची. महाराष्ट्रात तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

आणि 'गावकुसाबाहेर'? कोशात पेलचा अर्थ वाचताना पहिल्यांदा मला हाच शब्द सुचला. गावाभोवतीचा तट म्हणजे गावकूस. चित्र तंतोतंत तेच. आनंदाने मी सरांना तो सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पेलच्या बाहेर माणूस आपल्या वागण्यानं जातो, निदान इंग्रजीत तसं धरतात. गावकुसाबाहेर जे राहिले त्यांनी काय केलं होतं?" मी तो शब्द खोडला. चित्र जुळले म्हणून शब्द जुळतोच असे नाही. ज्या शब्दात पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय साठला आहे, तो एखाद्याच्या उर्मटपणाला चिकटवणे हे त्या माणसांवरही अन्यायाचे होईल. अखेर 'सभ्यतेला सोडून' एवढे साधे शब्द मी वहीत लिहिले. ते अद्याप मला पुरलेले आहेत.

कन्नडमध्ये 'एल्ले मीरु' आणि 'मिती मीरु' असे दोन्ही प्रयोग आहेत, म्हणजे सीमा किंवा मर्यादा ओलांडणे. कुंपणाला 'बेलि' म्हणतात. बोलता बोलता सरांनी 'बेलिये एद्दु होल मेय्दंते' ही कन्नड म्हण सांगितली : कुंपणच उठून शेत चरले. मी म्हटले, सर, ही आमचीच की, 'कुंपणच शेत खाते'. ते हसले आणि म्हणाले, "आमची आधी की तुमची आधी, हे त्या शेताला विचार." आपल्या अंकाचे दोन विभाग वेगळ्या लिप्यांत छापले जातात, म्हणी मात्र बांधावरून ये-जा करतात.

आता मी ज्या विषयाचा विद्यार्थी आहे तिकडे वळतो, कारण माझ्या चुकीचे दुसरे रूप तिथे सापडले. कंपनी कायद्याच्या चाचणीत आमच्याच वर्गातल्या एकाने लिहिले होते की, घटनापत्रात नसलेला उद्योग कंपनीने केला तर ते कृत्य 'बियाँड द पेल' होय. प्राध्यापकांनी गुण कापले आणि योग्यच केले. त्या कल्पनेला ठरलेला शब्द आहे 'अल्ट्रा व्हायरस', म्हणजे अधिकारापलीकडचे. ते लॅटिन आहे आणि त्याचा आजाराच्या व्हायरसशी काही संबंध नाही, हे आमच्या वर्गात एकदा सांगावे लागले होते.

अल्ट्रा व्हायरसचे प्रसिद्ध उदाहरण १८७५ सालचे आहे. ॲशबरी रेल्वे कॅरेज अँड आयर्न कंपनी ही रेल्वेचे डबे वगैरे तयार करणारी कंपनी. तिने बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्याच्या कामासाठी करार केला. पुढे तो मोडला आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. निकाल असा की, मार्ग बांधण्याच्या कामाला पैसा पुरवणे कंपनीच्या घटनापत्रात बसत नाही, म्हणून करार मुळातच रद्दबातल. सर्व भागधारकांनी नंतर एकमताने मान्यता दिली तरी तो जिवंत होणार नाही. इंग्लंडने पुढच्या काळात हे तत्त्व पुष्कळ सैल केले, पण आपल्या अभ्यासक्रमात ही ॲशबरी कंपनी अजून ठाण मांडून बसली आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ हा निकाल माझ्या मते याहून बोलका आहे. एका विमा कंपनीने, विम्याचे राष्ट्रीयीकरण होण्याआधी, एका स्मारक न्यासाला दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. तंत्रशिक्षण आणि व्यापारविषयक ज्ञानाचा प्रसार हा न्यासाचा हेतू. देणगी कंपनीच्या उद्दिष्टांना धरून नाही, म्हणून ती अधिकाराबाहेरची, असे न्यायालयाने ठरवले. आता पाहा, शिक्षणासाठी देणगी देणे हे कोणत्या सभ्य माणसाला खटकेल? तिला कोणी 'बियाँड द पेल' म्हणणार नाही. तरीही ती अल्ट्रा व्हायरस. उलट बाजूने एक कल्पित उदाहरण घ्या. सावकारी परवाना असलेला, व्याजाचा दर कायद्यात बसणारा, कागदपत्र चोख ठेवणारा सावकार एखाद्याच्या घरी मयत झालेल्या दिवशी अंगणात उभा राहून हप्ता मागतो. त्याने अधिकाराची कोणतीच रेघ ओलांडलेली नाही. पण त्याचे वागणे 'बियाँड द पेल' आहे, आणि तिथे हा वाक्प्रचार जसा शोभतो तसा दुसरा कोणताच शोभत नाही.

दोन कुंपणे आहेत, ती एकमेकांवर पडत नाहीत. एक कायद्याने आखलेले, दुसरे लोकांच्या मनातले. माझे मामा यांतल्या एकाविषयीही बोलत नव्हते. ते बोलत होते तिसऱ्याविषयी, खिशाच्या कुंपणाविषयी. त्याला इंग्रजीत 'बियाँड अवर मीन्स' असे अगदी साधे शब्द आहेत. मीन्स म्हणजे ऐपत, साधने. हे शब्द मला शाळेपासून ठाऊक होते! ठाऊक होते म्हणूनच ते मला मामुली वाटले, आणि मी वहीतल्या दागिन्याकडे धावलो.

अशी आणखी काही कुंपणे आहेत. त्यांना थोडक्यात हात लावून पुढे जातो. समजण्याच्या पलीकडचे असेल तर 'बियाँड माय केन'. हा 'केन' जाणणे या अर्थाचा जुना शब्द, आणि संस्कृतमधला 'ज्ञा' त्याचा दूरचा भाऊबंद. पूर्वी समुद्रावर नजर पोहोचते तेवढ्या अंतरालाही 'केन' म्हणत. निबंधाच्या किंवा समितीच्या विषयाबाहेरचे असेल तर 'बियाँड द स्कोप' किंवा 'आउटसाइड द पर्व्ह्यू'. जिथे पाऊल टाकायला मनाई आहे अशी जागा 'आउट ऑफ बाउंड्स'. हे शब्द लष्करी हद्दीतल्या पाट्यांवर हमखास असतात आणि आपल्या गावाला कॅम्प असल्याने ते पोराटोरांनाही पाठ असतात. कर्जवसुलीच्या दाव्याची मुदत टळली तर 'बार्ड बाय लिमिटेशन' म्हणतात. १९६३ च्या मुदत कायद्यात अशा बहुतेक दाव्यांना तीन वर्षे दिलेली आहेत. आणि कराराच्या मजकुराबाहेर जाता येणार नाही असे सांगायचे असेल तर वकील 'विदिन द फोर कॉर्नर्स' म्हणतात, म्हणजे दस्ताच्या चार कोपऱ्यांच्या आत. या शेवटच्या शब्दांना पुढे काम आहे.

आता 'बियाँड द पेल' वाक्यात बसवावा कसा? पहिली गोष्ट, 'द' सोडू नये. 'बियाँड पेल' असे कोणी लिहीत नाही, आणि पेलचे अनेकवचनही करू नये. दुसरी, हा प्रयोग बहुधा क्रियापदाच्या मागून येतो : 'हिज कंडक्ट वॉज बियाँड द पेल.' नामाच्या आधी विशेषणासारखा तो ओढूनताणून आणला तर वाक्य अवघडून उभे राहते. कर्त्याच्या जागी वागणे, बोलणे, टीका, विनोद किंवा खुद्द माणूस येऊ शकतो. किंमत, अंतर, वजन, अभ्यासक्रम हे येत नाहीत. पेट्रोलची किंमत 'बियाँड द पेल' गेली असे लिहिले तर किंमतीने कोणाचा तरी अपमान केला, असा भास होतो. तिसरी गोष्ट, जोर द्यायचा असेल तर 'क्वाइट' किंवा 'कम्प्लीटली' चालते, 'व्हेरी' चालत नाही. कुंपण ओलांडले किंवा नाही, एवढेच असते. फार ओलांडले म्हणता येत नाही. कोणते कुंपण ते सांगायचे असेल तर 'आउटसाइड द पेल ऑफ' म्हणून पुढे नाव द्यावे, जसे 'आउटसाइड द पेल ऑफ द लॉ'.

राहिला प्रश्न वापर किती करावा हा. हा वाक्प्रचार आजही इंग्रजी अग्रलेखांत भेटतो, बोलण्यात क्वचित. आमच्या सरांच्या मते तो आयुष्यात पाचसहा वेळा वापरावा. मला हे जरा कंजूषपणाचे वाटते. पण अर्जात, विनंतीपत्रात, नोकरीच्या कागदात तो कधीही येऊ देऊ नये, हे माझे स्वतःचे मत आहे आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे. ज्याच्याकडे काही मागायचे आहे, त्याला कुंपणाबाहेर काढून मागणार कसे?

वाचकांना सराव म्हणून तीन वाक्ये देतो. 'आजारी सहकाऱ्याची नक्कल करून त्याने सभेत हशा पिकवला, हे शोभणारे नव्हते.' 'संचालकांनी घटनापत्रात नसलेल्या धंद्यात भांडवल घातले.' 'वसतिगृहाची नवी फी माझ्या वडिलांना झेपणारी नाही.' यांतल्या एकाच वाक्याला 'बियाँड द पेल' लागू पडतो. कोणत्या, हे आता सांगत बसत नाही.

त्या रात्री मी दुसरे पत्र लिहिले. पहिल्या पत्रातल्या वाक्याबद्दल क्षमा मागितली आणि ते वाक्य मामांचे नसून माझे होते, हेही लिहिले. मग लिहिले की, तिन्ही हप्ते एकदम भरणे 'बियाँड अवर प्रेझेंट मीन्स' आहे. तीन महिन्यांची मुदत मिळावी. हे लिहिताना कर्जाचा मूळ करार मी पहिल्यांदाच नीट वाचला. 'इतर आकारा'तली एक रक्कम त्यात कुठल्याच कलमात सापडेना. मग शेवटी एक ओळ घातली : ही रक्कम कराराच्या 'फोर कॉर्नर्स'मध्ये आढळत नाही, तरी कोणत्या कलमाखाली लावली आहे ते कळवावे. हे पत्र सरांनी आधी तपासले. त्यांनी फक्त एक स्वल्पविराम काढला.

या खेपेला मामा मला बरोबर घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी पत्र वाचले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पहिलं पत्र तूच लिहिलं होतंस काय?" मी होय म्हटले. ते म्हणाले, "मीही मराठी शाळेतलाच. तो शब्द मला कोशात बघावा लागला." मुदत तीन नाही, दोन महिन्यांची मिळाली. ती एक रक्कम चौकशी करून पुढच्या पत्रात कमी करण्यात आली. संक्रांतीच्या सुमारास शहापूरच्या एका दुकानाकडून साड्यांची मागणी आली आणि दोन हप्ते त्यातून गेले. तिसरा मामांनी एक माग विकून भरला.